सामाजिक धोरणाच्या शिक्षणात वांशिक न्याय आणि मूलनिवासींचे हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये सामाजिक धोरण अथवा समाजकार्य शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची या विषयाशी बहुधा पहिल्याच सत्रात गाठ पडते. अर्ज करण्याआधी, आणि प्रवेश मिळाल्यावर तर जास्तच, जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, काही दोन ओळींची.

सामाजिक धोरण म्हणजे पेन्शन, घरं, दवाखाने, भत्ते. यात वंश कुठून आला?

कुठलीही योजना ‘हे कोणाला मिळणार?’ या प्रश्नापासून सुरू होते. जे देश दुसऱ्यांची जमीन घेऊन किंवा गुलामांच्या कष्टांवर उभे राहिले, तिथे या ‘कोणाला’चं उत्तर वंशाला वळसा घालून देताच आलेलं नाही.

कॅनडाचा १८७६ चा इंडियन ॲक्ट पाहा. ‘इंडियन’ कोण हे सरकार ठरवणार. मूलनिवासींसाठी राखलेल्या वस्तीत राहायचा हक्क आणि पुढे आरोग्य-शिक्षणाचे लाभही त्याच नोंदीवर अवलंबून. नोंद असलेल्या बाईने नोंद नसलेल्या पुरुषाशी लग्न केलं की तिचं नाव कटायचं. नोंद असलेल्या पुरुषाने बाहेरची बायको केली तर तिचं नाव मात्र चढायचं! असंच नाव कटलेल्या सँड्रा लव्हलेस यांनी हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत नेलं. १९८१ मध्ये समितीने कॅनडाच्या विरोधात मत दिलं आणि १९८५ मध्ये कायद्यातली ती तरतूद गेली. पात्रतेची एक अट किती घरांचं काय करू शकते, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तरी कित्येक अभ्यासक्रमांत अजूनही पात्रता हा तांत्रिक विषय म्हणून एका आठवड्यात उरकतात आणि ‘वंश आणि विविधता’ हा वेगळा तास अगदी शेवटी, परीक्षेच्या तोंडावर ठेवतात.

वांशिक न्याय आणि मूलनिवासींचे हक्क एकच ना?

नाही. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो आणि निबंधांतले गुणही इथेच जातात.

वांशिक न्यायाची मागणी ढोबळमानाने अशी: इतर नागरिकांना जे मिळतं ते आम्हालाही मिळावं, तितकंच आणि त्याच दर्जाचं. मूलनिवासी समाज याच्या पलीकडचं मागतात. ते म्हणतात, तुमचं राज्य यायच्या आधीपासून आम्ही इथे राष्ट्र म्हणून नांदत होतो. तुमच्याशी आम्ही करार केले, काही ठिकाणी तर करारही न करता तुम्ही जमीन घेतलीत. तेव्हा आमच्या मुलांचं, जमिनीचं, शाळांचं काय करायचं हे आम्ही ठरवणार. पहिली मागणी समान वाट्याची आहे आणि दुसरी अधिकाराची.

दोन्ही मागण्या एकमेकींवर आदळूही शकतात. १९६९ मध्ये कॅनडात पिएर ट्रूडो यांच्या सरकारने एक श्वेतपत्रिका काढली. इंडियन ॲक्ट रद्द करू, वेगळा दर्जा संपवू, सगळे नागरिक समान, असा तिचा सूर. कागदावर ही समतेची परमावधीच. पण फर्स्ट नेशन्स (कॅनडातल्या मूलनिवासींचा सर्वांत मोठा गट) खवळले. करार बुडवून, जमिनीचे दावे गुंडाळून आम्हाला गर्दीत विरघळवण्याचा हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अल्बर्टा प्रांतातल्या फर्स्ट नेशन्सच्या प्रमुखांनी पुढच्याच वर्षी आपली प्रति-मांडणी सादर केली आणि सरकारला श्वेतपत्रिका मागे घ्यावी लागली. जो कायदा जाचक होता, तोच रद्द करण्याला त्याचा जाच सोसणाऱ्यांनी विरोध का केला, याचं उत्तर ज्याला नीट देता आलं, त्याला या विषयाचा गाभा कळला असं समजायला हरकत नाही.

आणखी एक पदर आहे. युद्धातून पळून कॅनडात आलेला आफ्रिकी निर्वासित वंशभेद सोसतो, यात वाद नाही. पण तो ज्या जमिनीवर घर मांडतो ती कोणाकडून तरी घेतलेलीच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि गोऱ्या नसलेल्या सगळ्यांना एकाच टोपलीत टाकणाऱ्या धोरणात त्या दिसत नाहीत. ‘विविधता विभागा’खाली मूलनिवासींचा कक्ष ठेवण्याला अनेक विद्यापीठांत आक्षेप घेतला जातो, तो यामुळेच.

या हक्कांना आंतरराष्ट्रीय आधार काय?

संयुक्त राष्ट्रांचा मूलनिवासी हक्क जाहीरनामा, १३ सप्टेंबर २००७. बाजूने १४४ मतं, विरोधात फक्त चार: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. म्हणजे ज्यांना तो सर्वांत जास्त लागू होतो, नेमके तेच. पुढे चौघांनीही भूमिका बदलली. कॅनडाने तर २०२१ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा केंद्रीय कायदाच केला. अनुच्छेद १४ शिक्षणाबद्दल, १८ निर्णयांतल्या सहभागाबद्दल आणि १९ आधी, मोकळेपणाने व माहिती देऊन घेतलेल्या संमतीबद्दल आहे. धोरणाच्या विद्यार्थ्याने निदान हे तीन मुळातून वाचावेत.

हे सगळं २०२० नंतरचं फॅड नाही का?

मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि त्यानंतर विद्यापीठांनी धडाधड निवेदनं काढली, हे खरं. त्यातली बरीचशी निवेदनांपुरतीच राहिली, हेही खरं. पण विषय कितीतरी जुना आहे.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पन्न, भाडं, आजार, रोजगार हे सगळं मोजून त्यांनी मांडलं, की ज्याला लोक ‘त्या समाजाचा स्वभाव’ म्हणतात तो बराचसा नाकारलेल्या संधींचा हिशेब आहे. ज्या विद्यापीठाने हे काम करून घेतलं त्याने त्यांना वर्गात शिकवायला मात्र घेतलं नाही.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या या शाखेची पायाभरणी १९१२ च्या सुमारास सर रतन टाटांच्या देणगीतून झाली. दारिद्र्याची कारणं आणि त्यावरचे उपाय शोधावेत, हा तिचा हेतू. पैसा साम्राज्याच्या एका वसाहतीतून आलेला, पण पुढची कित्येक दशकं त्या शाखेतली मुख्य चर्चा ब्रिटिश कामगारवर्गाभोवतीच फिरत राहिली. २२ जून १९४८ ला ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून कॅरिबियन प्रवासी लंडनजवळ टिलबरीला उतरले आणि ५ जुलैला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दोन आठवड्यांचं अंतर! पुढे त्या आरोग्य सेवेतल्या परिचारिका, आया आणि सफाई कामगार मोठ्या संख्येने कॅरिबियनमधूनच आल्या. तरीही ५ जुलै प्रत्येक पाठ्यक्रमात आणि २२ जून ऐच्छिक वाचनात, अशी वाटणी बराच काळ होती.

कॅनडात हा विषय इतका पुढे का आहे?

निवासी शाळांमुळे. शतकाहून अधिक काळ मूलनिवासी मुलांना घरातून नेऊन सरकारी पैशाने, मुख्यतः चर्चच्या ताब्यातल्या वसतिशाळांत ठेवलं गेलं. अंदाजे दीड लाख मुलं. भाषा बोलण्यावर बंदी, उपासमार, मारहाण, लैंगिक अत्याचार, हजारो मृत्यू. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे आज विद्यापीठात शिकणाऱ्या कित्येकांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा तिथून बाहेर पडलेले आहेत.

या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ कृती-आवाहनं दिली. त्यातलं पहिलंच बालकल्याणाबद्दल आहे. मुलांच्या प्रकरणांत चौकशी करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना निवासी शाळांचा इतिहास आणि परिणाम यांचं रीतसर शिक्षण द्या, असं ते सांगतं. चोविसावं वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांसाठी, अठ्ठाविसावं विधी महाविद्यालयांसाठी, सत्तावन्नावं सरकारी नोकरांसाठी. विनिपेग आणि लेकहेड या विद्यापीठांनी २०१६ पासून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मूलनिवासींविषयीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, मग तो रसायनशास्त्राचा का असेना.

प्रत्येक ठिकाणी बालकल्याणाचंच उदाहरण का देतात?

कारण चांगल्या हेतूचं धोरण किती खोल जखम करतं, हे तिथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

निवासी शाळा ओसरायला लागल्या तशी मुलं कल्याण यंत्रणेकडून जायला लागली. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत हजारो मूलनिवासी मुलं गोऱ्या कुटुंबांत दत्तक किंवा पालकत्वाखाली दिली गेली. ‘सिक्स्टीज स्कूप’ म्हणतात ते हेच. आणि आता? २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडातल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत मूलनिवासी ७.७ टक्के, पण यंत्रणेने दुसऱ्या कुटुंबांत सांभाळायला दिलेल्या त्या वयाच्या मुलांत ५३.८ टक्के.

वर्गात हे कसं उलगडतं ते सांगतो. शिक्षक घरभेटीच्या तपासणीचा एक नमुना फॉर्म वाटतात. मुलाला वेगळी झोपायची जागा आहे का? घरात खोल्यांच्या मानाने माणसं जास्त आहेत का? नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे का? आई-वडिलांपैकी कोणी घरी नसताना मूल कोणाकडे असतं? मग एका काल्पनिक कुटुंबाची माहिती देतात. आजी, दोन मावश्या, पाच मुलं, तीन खोल्या, पाणी उकळून प्यायचा आदेश असलेली राखीव वस्ती. विद्यार्थी प्रामाणिकपणे रकाने भरतात आणि बहुतेकांच्या फॉर्मवर धोक्याची पातळी ‘उच्च’ येते. कोणीही दुष्टपणा केलेला नसतो. घर बांधून देण्याची आणि पाणी पुरवण्याची जबाबदारी ज्या सरकारची, त्याच्या हलगर्जीपणाचे गुण आजीच्या खात्यावर जमा झालेले असतात. आणि आजी-मावश्यांनी मिळून मूल वाढवणं ही त्या समाजाची ताकद. फॉर्मला तिच्यासाठी रकानाच नसतो, असते फक्त ‘पालक अनुपस्थित’ची चौकट. फॉर्म कोणी बनवला, कोणाला विचारून बनवला, ही चर्चा मग आपसूक सुरू होते.

यानंतर निधीचा प्रश्न येतो आणि तिथे जॉर्डन रिव्हर अँडरसनचं नाव निघतं. मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचा हा मुलगा गुंतागुंतीचा आजार घेऊन जन्मला. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता रुग्णालयाबाहेर राहू शकेल. पण बाहेरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर दोन वर्षांहून अधिक काळ वाद चालला. वाद मिटायच्या आत, २००५ मध्ये, पाच वर्षांचा जॉर्डन रुग्णालयातच गेला. घरी एक दिवसही राहिला नाही. हाच मुलगा राखीव वस्तीबाहेरचा असता तर हा वाद उपस्थितच झाला नसता. २००७ मध्ये संसदेने ‘जॉर्डनचं तत्त्व’ एकमताने मान्य केलं: आधी सेवा द्या, बिल कोणाचं ते नंतर भांडा. मान्य होऊनही ते बरीच वर्षं कागदावर राहिलं. जानेवारी २०१६ मध्ये कॅनडाच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने निकाल दिला, की राखीव वस्त्यांतल्या बालसेवांना केंद्र सरकार कमी पैसे देतं आणि हा वंशाधारित भेदभाव आहे. मूलनिवासी मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेने आणि फर्स्ट नेशन्सच्या महासभेने ही तक्रार २००७ मध्ये केली होती. शेवटी २०२३ मध्ये २३.३४ अब्ज डॉलरच्या भरपाईला न्यायालयाची मंजुरी मिळाली.

आता वरचा फरक इथे लावून पाहा. समान निधी मिळणं हा झाला वांशिक न्याय. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने मूलनिवासी समाजांचा आपल्या मुलांबाबत स्वतः कायदे करण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, हा झाला स्वनिर्णय. पैसा आला आणि अधिकार आला नाही, तर तोच फॉर्म जास्त कर्मचारी घेऊन भरला जाईल. अधिकार आला आणि पैसा आला नाही, तर अपयशाचं खापर मूलनिवासींच्या माथी फुटेल.

अमेरिकेत हीच लढाई १९७८ च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्टभोवती झाली. मूलनिवासी मुलं शक्यतो त्यांच्याच कुटुंबात किंवा जमातीत ठेवा, असं तो सांगतो. त्यापूर्वीच्या पाहण्यांत २५ ते ३५ टक्के मूलनिवासी मुलं घराबाहेर ठेवलेली आढळली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा कायदा कायम ठेवला. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने कुटुंब-परिषद आणली: मुलाचं काय करायचं हे ठरवताना तिथल्या मूलनिवासी माओरींच्या अर्थाने विस्तारलेलं कुटुंब एकत्र बसणार, अधिकारी काही वेळ खोलीबाहेर जाणार. ही पद्धत नंतर अनेक देशांनी उचलली. टीकाकार विचारतात, तिच्यामागची अधिकार-वाटपाची मागणी किती जणांनी उचलली?

कायद्यात वंशाचा उल्लेखच नसेल तर त्याला वंशभेदी कसं म्हणायचं?

परिणाम पाहून आणि रचना तपासून. अमेरिकेच्या १९३५ च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टने शेतमजूर आणि घरकामगारांना वृद्धापकाळाच्या विम्यातून वगळलं. वंशाचा एक शब्द नाही. पण त्यामुळे कृष्णवर्णीय कामगारांपैकी साधारण ६५ टक्के बाहेर राहिले. इथे एक सावधगिरी. वगळलेल्यांत संख्येने गोरे जास्त होते, आणि हे दक्षिणेतल्या खासदारांच्या दबावामुळे झालं की वसुलीच्या प्रशासकीय अडचणींमुळे, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. चांगला शिक्षक हा वाद लपवत नाही. हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणाम उरतोच. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्या येईपर्यंत ज्यांची कामाची वर्षं सरली त्यांना हेतूच्या चर्चेचा काय उपयोग?

ब्रिटनमधलं विंडरश प्रकरण असंच. कॅरिबियनमधून कायदेशीरपणे आलेल्या आणि आयुष्यभर कर भरलेल्या माणसांकडे २०१० नंतरच्या कडक नियमांनी वास्तव्याचे पुरावे मागितले. ते त्यांना कधी कोणी दिलेच नव्हते. गृहखात्याने त्यांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी उतरण-कार्डं २०१० मध्ये नष्टही केली होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये बोभाटा झाला. वेंडी विल्यम्स यांच्या २०२० च्या अहवालातली एक शिफारस अशी, की गृहखात्याच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ब्रिटनचा वसाहतकालीन इतिहास शिकवा. धोरण राबवणाऱ्याला इतिहास न शिकवल्याची किंमत एका सरकारी अहवालानेच अशी नोंदवली आहे.

व्याख्यानाच्या सुरुवातीला ‘ही जमीन अमुक लोकांची आहे’ असं म्हणतात. त्याने काय साधतं?

एकट्या त्या वाक्याने फारसं काही नाही. मूलनिवासी विद्यार्थी स्वतःच त्याची टर उडवतात. पण त्याच्या मागचा हिशेब काढला तर ते वाक्य जड होतं. १८६२ च्या मॉरिल ॲक्टने अमेरिकेतल्या राज्यांना महाविद्यालयं काढायला जमीन दिली. २०२० मध्ये पत्रकारांनी जुने दस्तऐवज जुळवून दाखवलं, की ती सुमारे १.०७ कोटी एकर जमीन जवळपास २५० जमातींकडून आलेली होती. काही विद्यापीठांना तिचं उत्पन्न आजही मिळतं. त्यामुळे वाक्य म्हणून झालं की पुढे विचारावं: मग मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या शुल्कमाफीचं काय?

मूलनिवासी नसलेल्या शिक्षकाने हे शिकवावं का?

शिकवावं, पण त्यांच्या वतीने बोलू नये. सगळा भार विभागातल्या एकुलत्या एका मूलनिवासी प्राध्यापकावर टाकणं ही नेहमीची पळवाट आहे. तीच बाई सगळ्या समित्यांवर, तीच प्रत्येक विद्यार्थ्याची आधार, आणि बढतीच्या वेळी विचारतात की शोधनिबंध कमी का! सरकारच्या कामाचा, निधीच्या सूत्रांचा, कायद्यांचा इतिहास कोणीही शिकवू शकतो. तो सरकारचाच इतिहास आहे. जिथे पारंपरिक ज्ञानाचा प्रश्न येतो तिथे ज्येष्ठांना बोलवावं, त्यांच्या रीतीने मान द्यावा आणि मानधनही द्यावं. फुकट व्याख्यानाला ‘सहभाग’ म्हणू नये. कॅनडात अलीकडे मूलनिवासी असल्याचे खोटे दावे करून पदं मिळवल्याची प्रकरणं उघडकीला आली. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी स्वघोषणेऐवजी समाजाकडून पुष्टी घ्यायला सुरुवात केली आहे.

प्रबंधासाठी एखाद्या मूलनिवासी समाजाचा अभ्यास करायचा आहे. काय लक्षात ठेवू?

विषय ठरवून मग परवानगी मागायला जाऊ नका. आधी जा, त्यांना काय हवंय ते ऐका. पदव्युत्तर प्रबंधाला वर्षभरच मिळतं, नातं जोडायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून अनेक मार्गदर्शक सांगतात, की समाजाऐवजी धोरणाचा अभ्यास करा: खात्याचे अहवाल, अंदाजपत्रकं, संसदेतली चर्चा. सल्ला अगदी योग्य आहे.

हा सावधपणा उगीच आलेला नाही. १९४८ ते १९५२ या काळात कॅनडातल्या काही निवासी शाळांत आधीच अर्धपोटी असलेल्या मुलांवर पोषणाचे प्रयोग झाले. पालकांना विचारलं नव्हतं. ॲरिझोनात १९९० पासून हवासुपाई जमातीच्या लोकांचे रक्ताचे नमुने घेतले गेले. मधुमेहावर उपाय सापडेल या आशेने लोकांनी हात पुढे केले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या स्थलांतराच्या संशोधनाला वापरल्याचं उघड झालं. जमातीच्या उत्पत्तिकथेलाच छेद देणारे निष्कर्ष त्यांच्याच रक्तातून काढले गेले होते. खटला झाला, आणि २०१० मध्ये तडजोड होऊन सात लाख डॉलर भरपाई मिळाली, उरलेले नमुने परत आले.

फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये विदेबाबत चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. विदा म्हणजे सर्वेक्षणाची उत्तरं, आकडे, मुलाखती, सगळंच. कॅनडाच्या संशोधन-नैतिकतेच्या राष्ट्रीय धोरणात मूलनिवासींवरच्या संशोधनासाठी नववं प्रकरण स्वतंत्र आहे. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. समाजाची स्वतःची समिती असेल तर तिचीही लागते, आणि ती ‘नाही’ म्हणू शकते. व्यक्तीने सही केली तरी समाजाची संमती वेगळी, हे सामाजिक शास्त्रांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना पचायला वेळ लागतो.

गोऱ्या विद्यार्थ्यांना अपराधी वाटावं, हा हेतू असतो का?

नसतो. कुठे तसा परिणाम होत असेल तर ते शिकवण्यातलं अपयश. अपराधीपणाने निधीचं सूत्र बदलत नाही.

अमेरिकेत हे शिकवण्यावर बंदी आली आहे ना?

सरसकट नाही. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. जून २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रवेशात वंश विचारात घेण्याबद्दल आहे, अभ्यासक्रमाबद्दल नाही. टेक्ससचा जानेवारी २०२४ पासून लागू झालेला कायदा सार्वजनिक विद्यापीठांतले विविधता-समावेशन विभाग बंद करतो, पण वर्गातलं अध्यापन आणि संशोधन त्यातून वगळलं आहे. फ्लोरिडाचा २०२३ चा कायदा मात्र सामान्य शिक्षणाच्या अनिवार्य अभ्यासक्रमांच्या आशयापर्यंत पोहोचतो. व्यवहारात भीती कायद्याच्या पुढे धावते, शिक्षक आधीच वाचनयादी आखडती घेतात. दुसरीकडे अमेरिकेतल्या समाजकार्य शिक्षण परिषदेच्या २०२२ च्या मानकांत वंशभेदविरोध ही प्रत्येक पदवीधराकडून अपेक्षित क्षमता आहे. मान्यता टिकवायची तर शिकवावंच लागतं, आणि राज्याचा कायदा मागे खेचतो. अशा कात्रीत सापडलेले विभाग बरेच आहेत.

ऑस्ट्रेलियात विरोध मतपेटीतून दिसला. १९६७ च्या सार्वमतात मूलनिवासींना लोकसंख्येत इतरांसारखं मोजण्याच्या बाजूने सुमारे ९१ टक्क्यांनी कौल दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये संसदेला सल्ला देणाऱ्या मूलनिवासींच्या ‘व्हॉइस’ या मंडळाचा प्रस्ताव सुमारे ६० टक्क्यांनी फेटाळला. समान मोजणीला होकार आणि वेगळ्या आवाजाला नकार, असा हा फरक आहे.

या चर्चेत जात कुठे बसते?

स्वतःच्या पायावर. जात म्हणजे वंश नव्हे, पण जन्माने चिकटलेला दर्जा आणि त्यावर उभी राहिलेली धोरणं म्हणून तुलना फलदायी ठरते. २००१ च्या दरबानमधल्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीचा विषय आणायला भारत सरकारने विरोध केला होता. पण संवाद त्याहून जुना आहे: १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि ड्युबॉइस यांनी उत्तरही दिलं. अलीकडे ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात समाविष्ट केली. परदेशातल्या वर्गात सवर्ण भारतीय विद्यार्थी ‘आम्हीही वंशभेदाचे बळी’ एवढंच सांगून थांबतो, तेव्हा समोरच्या बाकावरचा दलित किंवा आदिवासी विद्यार्थी काय विचार करत असेल, हे त्याने स्वतःला विचारलेलं बरं.

आदिवासींबद्दल: २००७ च्या जाहीरनाम्याला भारताने पाठिंबा दिला, पण स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय मूलनिवासी आहेत, अशी अधिकृत भूमिका ठेवली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १०७ क्रमांकाच्या करारावर भारताची सही आहे, त्याची जागा घेणाऱ्या १६९ क्रमांकाच्या करारावर नाही.

अभ्यासक्रम निवडताना काय पाहू?

माहितीपत्रकातली छायाचित्रं सोडून सगळं. विषय एका आठवड्यात कोंबलाय की घरं, आरोग्य, पेन्शन या प्रत्येक प्रकरणात येतो? वाचनयादीत मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय लेखक आहेत, की त्यांच्यावर इतरांनी लिहिलेलंच आहे? विभागात कायम पदावर कोण आहे आणि तासिकेवर कोण? क्षेत्रकार्यासाठी मूलनिवासींनी चालवलेल्या संस्थांशी करार आहे का? यातलं बरंचसं संकेतस्थळावर मिळत नाही. सध्या तिथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला थेट ईमेल करा, मोकळेपणाने सांगतात.

नोकरीत याचा उपयोग होतो?

कॅनडा आणि न्यूझीलंडमधल्या सरकारी समाजसेवा-पदांच्या मुलाखतींत करार, सलोखा आयोग किंवा वाइतांगी (माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला १८४० चा करार) याबद्दल प्रश्न विचारले जातात, आणि पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. बालकल्याण, गृहनिर्माण, तुरुंग-पुनर्वसन या क्षेत्रांत विशेष. मूलनिवासींच्या स्वतःच्या संस्थांत अर्ज करणार असाल तर हे ध्यानात ठेवा, की तिथे पहिली पसंती त्यांच्याच माणसांना असते आणि ती असायलाच हवी. बाहेरच्यांसाठी निधी-अर्ज, आकडेवारी, हिशेब अशी पाठीमागची कामं निघतात.